परगावी लेन्स शोधताना

"एवढा लाखांचा कॅमेरा, आणि त्याला ही लेन्स बसत नाही?"

हा प्रश्न मला साताऱ्यातल्या एका लॉजच्या मॅनेजरनं विचारला. सप्टेंबरचा महिना होता आणि बाहेर पाऊस. दुसऱ्या दिवशी पहाटे कास पठारावर जायचं होतं. तिथे 'दवबिंदू' नावाची एक इवली कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटं अडकतात. ते मला चित्रित करायचं होतं. त्यासाठी व्हिडिओ कॅमेरा मुंबईहून भाड्यानं आणला होता आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स वाटेत पुण्यातून उचलली होती. रात्री पलंगावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा स्थळ उत्तम पण पत्रिका जुळेना, अशी गत झाली.

चूक माझीच होती. कॅनन सी३०० हा कॅमेरा २०११ साली जाहीर झाला, तो दोन अवतारांत निघाला. एकाचं तोंड कॅननच्या फोटो-लेन्सांसाठी आहे, दुसऱ्याचं सिनेमाच्या लेन्सांसाठी. मी आजवर पहिलाच वापरला होता, म्हणून विचारलंच नाही. या वेळी आला तो दुसरा. मॅनेजरचा प्रश्न मात्र रास्त होता आणि तो पुष्कळांना पडतो. त्याचं उत्तर नीट कळलं, तर परगावी लेन्स शोधण्याचं निम्मं काम घरबसल्या होतं.

१. झाकण आतून की बाहेरून

प्रेशर कुकरची झाकणं आठवा. एका जातीचं आतून बसतं, एका जातीचं बाहेरून. दोन्ही कुकर पाच लिटरचे असले, तरी याचं झाकण त्याला चालत नाही. कॅमेऱ्याच्या तोंडाशी जी धातूची कडी असते, जिच्या खाचांत लेन्स फिरवून अडकवायची, तिला माउंट म्हणतात. प्रत्येक घराण्याचं माउंट वेगळं. सिनेमाच्या लेन्सांचं पीएल, म्हणजे पॉझिटिव्ह लॉक. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांचं ईएफ, निकॉनचं एफ (हे १९५९ पासून चालत आलंय), सोनीचं ई. खांद्यावर घ्यायच्या टीव्ही कॅमेऱ्यांचं बी४.

म्हणून परगावच्या दुकानदाराला फोन करताना पहिलं वाक्य "मॅक्रो आहे का?" हे नसावं. आधी आपल्या कॅमेऱ्याचं माउंट सांगावं. तेही आठवणीतून सांगू नये. कॅमेरा समोर ठेवून त्याच्या उघड्या तोंडाचा मोबाईलवर फोटो काढावा आणि पाठवावा. हा फोटो मी काढला असता, तर हे प्रकरण कदाचित लिहिलंच नसतं.

२. उणे आठ मिलिमीटर

"मग मधे एखादी रिंग टाकून जमत नाही का?" हा मॅनेजरचा दुसरा प्रश्न. कधी जमतं, कधी मुळीच नाही. का, ते कळायला शाळेतला खेळ आठवा.

उन्हात भिंग धरून आपण सगळ्यांनी कागद जाळलाय. भिंग कागदाच्या फार जवळ असलं की उजेडाचा नुसता गोळा पडतो. हळूहळू वर उचलावं, तसा गोळा आक्रसत जातो आणि एका ठरावीक उंचीवर टोकदार ठिपका होतो. आणखी वर नेलं की पुन्हा गोळा. कॅमेऱ्यातही हेच घडतं. कागदाच्या जागी सेन्सर असतो, म्हणजे चित्र टिपणारी पाटी, आणि लेन्स तिच्यापासून ठरल्या अंतरावरच बसावी लागते. माउंटच्या कडीपासून सेन्सरपर्यंतचं हे अंतर प्रत्येक घराण्यात पक्कं ठरलेलं आहे.

ते आकडे असे: पीएल ५२ मिलिमीटर, बी४ ४८, निकॉन एफ ४६.५, कॅनन ईएफ ४४. मग एकदम उडी. नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत मधला आरसा गेला, त्यामुळे अंतर कमी झालं. कॅनन आरएफ २०, सोनी ई १८, निकॉन झेड १६.

आता साधी वजाबाकी. ईएफ लेन्स सोनी ई कॅमेऱ्याला लावायचीय. लेन्सला ४४ हवेत, कॅमेरा देतोय १८. उरलेल्या २६ मिलिमीटरची पोकळ रिंग मधे घातली की काम झालं. पीएल लेन्स त्याच कॅमेऱ्याला? ५२ वजा १८, म्हणजे ३४ ची रिंग. निकॉनची लेन्स ईएफ कॅमेऱ्याला? अडीच मिलिमीटर. पातळ आहे, पण मिळते.

आणि माझं गणित? माझ्या ईएफ लेन्सला ४४ हवेत आणि पीएल कॅमेऱ्याचं तोंडच ५२ वर. म्हणजे उणे आठ मिलिमीटर जाडीची रिंग हवी. ती कुठल्याच बाजारात मिळत नाही. लेन्स आठ मिलिमीटर आत ढकलायला कॅमेराच कापावा लागेल.

हे विनोदानं म्हटलं, पण एकानं असं खरंच केलंय. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकला 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटातले काही प्रसंग नुसत्या मेणबत्त्यांच्या उजेडात टिपायचे होते. त्यानं नासाच्या चांद्रमोहिमेसाठी बनलेल्या झाइसच्या ५० मिलिमीटर, एफ/०.७ (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) लेन्सांपैकी तीन मिळवल्या. अशा लेन्स एकूण दहाच बनल्या होत्या. पण त्यांची मागची काच फिल्मच्या इतकी जवळ यायला हवी होती, की कुठल्याच कॅमेऱ्यात त्या बसेनात. शेवटी एड डिज्यूलिओ या तंत्रज्ञानं एक मिचेल कॅमेरा आतून कोरून त्यांना जागा करून दिली. आपल्याला भाड्याच्या कॅमेऱ्यावर ही चैन परवडणारी नाही.

यातून प्रवासापुरता नियम निघतो: लेन्सचा आकडा कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. ज्याच्या कॅमेऱ्याचं तोंड उथळ, त्याला गावोगावच्या लेन्स चालतात. खोल तोंडाच्या पीएल कॅमेऱ्याला त्याच्याच भाऊबंदांची वाट बघावी लागते. मोठ्या शहरात काम असेल तर पीएल उत्तम. तालुक्याच्या गावी जायचं असेल, तर मी आता उथळ तोंडाचाच कॅमेरा मागतो.

एक खोच राहिली. कॅननच्या ईएफ लेन्सचा पडदा, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, विजेवर हलतो. ती लेन्सवर हातानं फिरवता येत नाही. नुसती धातूची स्वस्त रिंग घेतली, तर कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी बोलतच नाहीत, आणि झडप असेल तिथेच अडकते. म्हणून रिंगच्या आतल्या बाजूला सोनेरी टिकल्यांची रांग आहे का, ते बघायचं. ती नसेल तर एक जुनी युक्ती आहे. लेन्स आधी कॅननच्या फोटो-कॅमेऱ्याला लावायची, हवं ते छिद्र निवडायचं, डेप्थ ऑफ फील्ड (म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र टोकदार येतं ते) बघायचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढून घ्यायची. झडप तिथेच राहते. जुन्या निकॉन लेन्सांना हा जाच नाही. त्यांची कडी बोटांनी फिरते. फक्त फोकसची कडी कॅननच्या उलट्या दिशेला फिरते, त्यामुळे पहिले दोन तास हात चुकतो.

३. गोल पोळी, चौकोनी तुकडा

लेन्स नीट बसली, फोकसही झाली, तरी चित्राचे कोपरे काळे येऊ शकतात. लेन्स चित्र टाकते ते गोल, सेन्सर असतो आयताकृती. पोळीतून आयताकृती तुकडा कापायचा झाला, तर पोळी पुरेशी मोठी हवी. लहान असेल तर कोपरे रिकामे राहतात.

किती मोठी, ते सेन्सरच्या कर्णावरून ठरतं. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेमला सुमारे ४३ मिलिमीटर व्यासाची पोळी लागते. सी३०० सारख्या सुपर ३५ जातीच्या कॅमेऱ्याला सुमारे २८. बातम्यांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याला फक्त ११. त्याला 'टू-थर्ड इंच' म्हणतात, पण इंचपट्टी लावून बघाल तर फसाल. ते माप जुन्या काचेच्या कॅमेरा-नळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलंय. नळी गेली, नाव राहिलं.

मोठी पोळी लहान सेन्सरला चालते, कडेचा भाग वाया जातो इतकंच. उलटं चालत नाही. आणि परगावी नेमका हाच मोह होतो. कारण जिल्ह्याच्या ठिकाणी टीव्हीवाल्यांकडे बी४ ची झूम हमखास मिळते, आणि ती असते सुरेख. पोळी लहान असल्यामुळे तिला कमी काचेत लांबचा पल्ला गाठता येतो. क्रिकेटच्या मैदानावरची कॅननची ८६ पट झूम ९.३ पासून ८०० मिलिमीटरपर्यंत जाते. सुपर ३५ साठी असं काही बनवायचं, तर ते उचलायला क्रेन लागेल.

बी४ लेन्स मोठ्या सेन्सरला लावायची, तर मधे चित्र फुगवणारं भिंग असलेला अडॅप्टर लागतो. ११ चं २८ करायचं, म्हणजे साधारण अडीचपट. पण पोळी लाटून मोठी केली की पातळ होते. उजेडाचंही तसंच. लांबी-रुंदी अडीचपट झाली, की तोच उजेड सव्वासहापट जागेवर पसरतो. एफ/१.८ ची झकास लेन्स एफ/४.५ ची होऊन बसते. भर दुपारी भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित टिपताना हे खपून जातं. संध्याकाळी देवळाच्या गाभाऱ्यात खपत नाही.

४. मॅक्रो नाहीच मिळाली तर

आधी मॅक्रो कशाला लागते, ते आकड्यांत बघू. नेहमीची किट झूम लेन्स साधारण पाव पट मोठेपण देते. म्हणजे सेंटिमीटरभराचं फूल सेन्सरवर अडीच मिलिमीटर पडतं. सुपर ३५ सेन्सरची रुंदी साडेचोवीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीच्या दहाव्या भागात आपलं फूल आणि बाकी सगळं हिरवं. मॅक्रो लेन्स एकास एक देते. तेच फूल मग दहा मिलिमीटर पडतं आणि चौकटीत मानानं बसतं.

मॅक्रो नसेल तर पहिला उपाय म्हणजे क्लोज-अप फिल्टर. हा अगदी चष्माच आहे आणि त्याचे नंबरही चष्म्याचेच: अधिक एक, अधिक दोन, अधिक चार. लेन्स अनंतावर ठेवून पुढे हा चढवला, की किती अंतरावर फोकस होईल? १००० ला नंबरानं भागा. अधिक दोनला ५०० मिलिमीटर, अधिक चारला २५०. दोन्ही एकावर एक लावले तर अधिक सहा, म्हणजे १६७ च्या आसपास. मूळ लेन्स कुठल्या माउंटची आहे याच्याशी या फिल्टरला काही देणंघेणं नाही. तो पुढच्या आट्यांवर बसतो. लेन्सच्या पुढच्या कडेवर शून्याला छेद दिल्यासारख्या चिन्हापुढे ७७ किंवा ८२ असा आकडा असतो, तो त्या आट्यांचा व्यास. परगावी जाताना हा आकडा मी पाकिटात लिहून ठेवतो. फक्त एका काचेचे स्वस्त फिल्टर कडेला जांभळी-हिरवी झालर सोडतात. दोन काचा चिकटवून बनवलेला मिळाला तर जास्त पैसे द्यावेत.

दुसरा उपाय म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधे पोकळ नळी. भिंग कागदापासून वर उचललं की दूरचा सूर्य फिसकटतो, पण जवळची वस्तू टोकदार होते, हाच तो खेळ. नळीची लांबी भागिले लेन्सचे मिलिमीटर, इतकं मोठेपण. ५० ची लेन्स आणि २५ ची नळी म्हणजे अर्धं. ५० ची लेन्स आणि ५० ची नळी म्हणजे एकास एक. पण १०० च्या लेन्सला तीच २५ ची नळी फक्त पाव देते, म्हणून लांब लेन्सला नळ्या लावून थकू नये.

तिसरा उपाय ऐकायला वेडगळ आहे. लेन्स उलटी लावायची. १०० च्या लेन्सपुढे ५० ची लेन्स तोंडाला तोंड लावून रिंगनं जोडली, तर १०० भागिले ५०, म्हणजे दुप्पट मोठेपण मिळतं. दोघींचे आटे जोडणारी ही रिंग अगदी स्वस्त असते. फोकस मात्र इतका काटेकोर होतो, की वाऱ्याची झुळूक आली तरी फूल हातचं जातं. कास पठारावर वारा नाही असा दिवस मी पाहिलेला नाही.

५. विचारायचं कुणाला

इतकं कळल्यावर मूळ प्रश्न उरतो: मिळणार कुठे? लोक दुकानं शोधतात. मी ती लेन्स वापरून पोट भरणारा माणूस शोधतो.

मॅक्रो कुणाकडे असते? लग्नाच्या फोटोग्राफरकडे. अंगठ्या, मेंदी, मंगळसूत्र यांसाठी त्याला ती लागतेच. लांब पल्ल्याची टेलिफोटो ताडोबाच्या वाटेवर, म्हणजे नागपूर-चंद्रपूरच्या वन्यजीव फोटोग्राफरांकडे. इमारतींच्या उभ्या रेषा सरळ ठेवणारी टिल्ट-शिफ्ट वास्तुरचनेचे फोटो काढणाऱ्याकडे. नळीसारखी लांब प्रोब लेन्स जाहिरातीत खाण्याचे पदार्थ टिपणाऱ्यांकडे. लाओवाची २४ मिलिमीटरची प्रोब सुमारे ४० सेंटिमीटर लांब आहे आणि तिचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटरचं. ती वरणाच्या वाटीतही शिरते. पण तिचं सगळ्यात मोठं छिद्र एफ/१४, त्यामुळे तिच्याबरोबर उजेडाचा टेम्पोही मागवावा लागतो.

सिनेमाच्या लेन्स सिनेमाच्या गावात. मुंबईत अंधेरी-गोरेगाव, चेन्नईत कोडंबाक्कम-वडपळणी. तिथे पीएलच्या प्राइम, म्हणजे एकाच मापाच्या लेन्स मिळतात. आपल्याकडे त्यांना 'ब्लॉक' म्हणायची पद्धत आहे. मोठ्या सामानाबरोबर अटेंडंट येतो आणि त्याचा भत्ता वेगळा असतो. परदेशी मंडळींना हे विचित्र वाटतं. मला तो पैसा वसूल वाटतो, कारण कुठली लेन्स कुठल्या शूटिंगवर आपटली होती, हे त्याला पाठ असतं. रिंगा, नळ्या, फिल्टर असा किरकोळ माल विकत घ्यायचा तर मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातला फोटोबाजार. पॅनाव्हिजनच्या लेन्स मात्र विकत मिळत नाहीत. ती कंपनी फक्त भाड्यानं देते.

साताऱ्यात त्या रात्री लॉजच्या मॅनेजरनंच मार्ग काढला. त्याच्या भाचीचं लग्न ज्यानं टिपलं होतं, त्या फोटोग्राफरला त्यानं फोन लावला. साडेदहाला तो मोटारसायकलवर, पोटाशी पिशवी धरून आला. पिशवीत सोनीचा उथळ तोंडाचा कॅमेरा आणि वर २६ मिलिमीटरची रिंग, आत सोनेरी टिकल्यांसकट. माझी मॅक्रो खट्कन बसली. "दादा, उद्या माझं लग्न नाही कुठलं, घेऊन जावा," म्हणाला. म्हणजे त्याच्याकडे उद्याची ऑर्डर नव्हती. माझा मोठा कॅमेरा पठाराच्या रुंद शॉटांना वापरला, फुलांना त्याचा. दोघांचे रंग वेगळे पडले, पण प्रत्येक शॉटआधी करडं कार्ड धरल्यामुळे नंतर जुळवता आले. फुलात हे खपलं. माणसाच्या चेहऱ्यावर खपलं नसतं.

६. विमान आणि सीमा

हे थोडक्यात. लेन्स केबिन बॅगेत, चेक-इनमधे कधीच नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमधेच न्याव्या लागतात. त्यांची मर्यादा वॅट-अवरमधे मोजतात, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १४.४ गुणिले ६.८ म्हणजे ९७.९. शंभराच्या आत, म्हणून चालते. शंभर ते एकशे साठला विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. बऱ्याच मोठ्या कॅमेरा बॅटऱ्या ९८ च्या का असतात, हे कोडं इथे सुटतं.

परदेशी जाताना सामानाची यादी अनुक्रमांकांसकट करावी. एटीए कार्ने नावाचं वर्षभर चालणारं कागदपत्र काढलं, तर ते मानणाऱ्या देशांत जकात न भरता सामान तात्पुरतं नेता येतं. भारतात ते फिक्की देते. ते नसेल, तर निदान निघताना कस्टमकडून निर्यातीचा दाखला घ्यावा. नाहीतर परत येताना आपलीच लेन्स आपण विकत आणली नाही, हे पटवत बसावं लागतं.

७. डबा उघडल्यावर

परक्या गावची लेन्स हातात आली, की दुकानातून निघायच्या आधी पाच मिनिटं मागून घ्यावीत. झडप पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारावा आणि पुढून तिरकं बघावं. कोकणातून किंवा मुंबईच्या पावसाळ्यातून आलेल्या लेन्सात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. थोडी धूळ चालते, बुरशी नाही. मग लेन्स कॅमेऱ्याला लावून दूरच्या डोंगरावरचा टॉवर बघावा. तो टोकदार होतो का? होत नसेल तर रिंग जाड आहे किंवा माउंट झिजलंय. लेन्स हातानं हलवून बघावी. कडीत खुळखुळली तर नको म्हणावं.

बी४ झूम असेल तर बॅक फोकस बघायचाच. पूर्ण झूम करून लांबच्या वस्तूवर फोकस करायचं, मग पूर्ण मागे यायचं. आता चित्र मऊ पडलं, तर लेन्सच्या मागची छोटी कडी फिरवून टोकदार करायचं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही टोकं जुळतात.

आणि गाडीतला एसी. पहाटे आम्ही काच खाली करून गेलो असतो, तर बरं झालं असतं. साताऱ्याहून कास पंचवीस किलोमीटर, तेवढ्यात लेन्स गारठली. पठारावर बॅग उघडल्याबरोबर ओल्या हवेनं तिच्या काचेवर दव धरलं, पुढूनही आणि मागूनही. पुसून उपयोग नसतो, पुन्हा धरतं. जांभ्या खडकावर प्लॅस्टिक पसरून मी लेन्स मांडीवर घेऊन बसलो. समोर वीतभर अंतरावर दवबिंदूच्या लालसर पानावर एक चिलट नुकतंच टेकलं होतं आणि पाय सोडवायची धडपड करत होतं. काच स्वच्छ व्हायला वीस मिनिटं लागली. चिलट तिथेच होतं.